कापलेली बारी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सिनेमा कापलाय. कुणी कापला, कुणाला विचारून कापला, काही पत्ता न्हाई. घाटात बैल जुंपले, पुढं घोडी उभी केली, दोन्ही अंगाची माणसं टोप्या उडवायला लागली, आन् पापणी लवती तोवर नायकाला हळद लागतीय. मधली अख्खी बारी, म्हंजे बैलांची धाव, गायब. बैल काय हळद खेळायला गेले?

आता वहीचं सांगते. ही डायरी रवीला कंपनीतनं दिवाळीला मिळाली. रवी म्हंजे रविराज, माझा लेक, चाकणला कंपनीत हाय. डॉक्टरनी सांगितलं, आबा दिवसभरात काय खातात, किती खातात, रोज लिहून ठेवा. सुनेला, विजयश्रीला, घाईत जमत न्हाई. म्हणून मी. शालन बबन, मुक्काम भोसरी, शिक्षण चौथी, ती बी अर्धीच. माझं अक्षर डॉक्टरला लागलं न्हाई तर न्हाई. त्याचं तरी आमाला कुठं लागतंय.

आबा म्हंजे माझा नवरा, बबनराव. वय अठ्ठ्याहत्तर. वहीत म्हातारा लिहिणार, तोंडावर कधी म्हणले न्हाई. दोन वर्षं झाली, त्याच्या डोक्यातनं एकेक माणूस पुसत चाललंय. आधी व्याह्यांना विसरला, मग भावकीला, मग रवीला. उन्हाळ्यापासनं मला बाई म्हणतो. ‘बाई, तुमचं गाव कुठलं?’ मी म्हणते, तुमच्याच घरात एक्कावन वर्षं हाय, आता गाव कुठलं सांगू?

एक तेवढं विसरला न्हाई. चाळीस वर्षांमागं पुण्याचे सिनेमावाले आमच्या घाटात, म्हंजे शर्यतीच्या मैदानात, आले होते. बैलगाड्याची खरी शर्यत लावली, त्यात आमचे बैल होते. आमची थोरली, कस्तुरा, तवा आठ वर्षांची, बांधावर बसलेली. तिला कुणी बोल म्हणून सांगितलं न्हवतं. पण आपले बैल सुटलेले बघून पोरगी उभी राहून ओरडली, ‘आबाऽ! ओ आबाऽ! आपले आलेऽ!’ सिनेमावाल्यांनी ते तसंच ठेवलं. सहा-सात सेकंद असंल.

कस्तुरा अकराव्या वर्षी गेली. नाशिक रस्ता ओलांडून शाळेला जाताना. ट्रक. फोटो एकच हाय, शाळेचा. चाळीस पोरं, त्यात तिचं डोकं शेंगदाण्याएवढं.

तर म्हातारा त्या हाकेला अजून ‘ओऽ’ म्हणतो. ओ म्हणायला तोंड उघडतं, तेवढ्यात विजयश्री चमचा आत घालते. मग सिनेमा मागं घ्यायचा. परत हाक, परत ओ, परत चमचा. वाटीभर मऊ भाताला पंधरा-सोळा हाका लागतात. वर्ष झालं, असंच जेवण चाललंय. मी त्या वेळी आत असते. गॅसवर दूध असतं.

शनिवारी नवा टीव्ही आला, भिंतीएवढा. जुना टीव्ही आन् सीडीचा प्लेअर बदलीत गेला. नातीनं, अपेक्षानं, टीव्हीतच सिनेमा शोधून दिला. ‘आजी, बघ कसा स्वच्छ हाय. आता सीडीची कटकट नको.’ स्वच्छ हाय खरा. कस्तुराला बी झाडून टाकलंय.

आज: सकाळी अर्धा कप चहा. दुपारी दोन चमचे भात, त्यातला एक बाहेर. टीव्हीकडं तोंड मिटून बघत बसला.

बाकी घरात: गॅलरीत ज्वारी वाळत घातलीय. पारवे माजलेत. काल त्यांना भिववायला चमकतं काहीबाही टांगलं, आज एक बी फिरकला न्हाई.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अपेक्षा कॉलेजातनं आली तिला समोर बसवली.

‘हे बघ आजी, इथं लिहिलंय. एक तास बावन्न मिनिटं.’

‘आन् आपला?’

‘सीडीवर दोन तास एकेचाळीस होता म्हणं.’

‘म्हंजे पाऊण तास खाल्ला.’

‘खाल्ला न्हाई गं. छोटा केला. लोकांना आता एवढं लांबलचक बघायला टाइम नसतो. संथ-संथ भाग काढून टाकतात.’

‘चार बैल आन् घोडी जीव खाऊन पळतीय, ते संथ? आन् नायिका नदीकाठी इतका वेळ पदर पिळतीय, ते राहिलं?’

हसायला लागली. ‘ते गाणं हाय, आजी. गाण्याला लोक थांबतात.’

म्हातारा आमच्याकडं बघत न्हवता. टीव्हीत हळद चालली होती, तो हळदीतल्या माणसांत कुणाला तरी शोधत होता.

रवी शिफ्टवरनं आला. म्हणला, ‘जुन्या सीड्या कुठंयत? दोन होत्या. दुसरा प्लेअर बघू कुणाचा तरी.’

विजयश्री म्हणली, ‘टेबलाखाली होत्या. मी शनिवारी बघितल्या.’

मी म्हणलं, ‘जुना टीव्ही नेणाऱ्यांनी उचलल्या असतील. तूच उभी होतीस तिथं.’

तिनं पदर खोचला आन् शोधायला लागली. कपाटं, माळा, गाद्यांखाली, सगळं उलथून झालं. मी गॅलरीचं दार लावून घेतलं. पारवे येतात.

खाणं: भात तीन चमचे. केळं अर्धं, कुस्करून.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सिनेमावाल्यांना पत्र लिहिलं. त्यांना कागदाचं चालत न्हाई, मोबाइलातनंच पाठवायचं. मी सांगितलं, अपेक्षानं लिहिलं.

‘लिही, कापणाऱ्यास.’

‘आजी, आधी नमस्कार तरी घालू का?’

‘कापताना त्यानं घातला होता का?’

मग हे लिहिलं. इथं उतरून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की मी शिव्या दिल्या.

‘तुमी सिनेमातनं जो पाऊण तास काढला, त्यात आमची मुलगी हाय. तुमच्या कामाची न्हाई हे कबूल. आमच्या कामाची हाय. तुकडा फेकला नसंल तर तेवढाच पाठवा, बाकी सिनेमा तुमालाच राहू द्या. इथं एक माणूस जेवायचा थांबलाय.’

अपेक्षानं मोबाइलवरचं बोट काढलं. म्हणली, ‘एवढं बास, आजी.’ मला अजून दोन ओळी घालायच्या होत्या.

खाणं: पेज चार चमचे. विजयश्रीनं स्वतःच हाक मारून बघितली, ‘आबाऽ, ओ आबाऽ.’ म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं आन् म्हणला, ‘तुमी नका मारू.’ तेवढंच बोलला दिवसभरात.

रविवार, ९ नोव्हेंबर

उत्तर आलं. ‘संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. चित्रपटाची ही आवृत्ती हक्कधारकांनी दिलेली आहे.’ खाली लिहिलंय, टीम. त्याच्याखाली पाच चांदण्या.

‘चांदण्या कशाला?’

‘उत्तर कसं वाटलं ते सांगायचं.’

‘आन् टीम म्हंजे कोण? बाई का बाप्या?’

‘कुणी नसंल, आजी. मशीनच देतं उत्तर.’

‘मग माणूस कुठं बसतो?’

तिला माहीत न्हाई. रवीला विचारलं, त्याला बी माहीत न्हाई. रवीच्या कंपनीत प्रेसखाली कुणाचं बोट गेलं तर सुपरवायझर तरी येऊन उभा राहतो. खोटं का होईना, तोंड पाडतो. इथं कापलं ते कापलं, उभं राहायला कुणीच न्हाई.

चांदणी एक बी दाबू दिली न्हाई.

खाणं: दूध पाव कप. रवीनं मांडीवर डोकं घेऊन पाजलं. ठसका लागला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहायचं न्हवतं. पण अपेक्षानं बघितलंय, म्हंजे घरात सगळ्यांना कळलंय, मग वहीलाच काय लपवायचं.

ती कपडे काढायला गॅलरीत गेली आन् तिथनंच ओरडली, ‘आजी!’ बाहेर गेले तर तिच्या हातात त्या दोन चकत्या, माझ्याच परकराच्या नाडीला बांधलेल्या.

मला चार तारखेलाच कळलं होतं. रवी ‘दोन सीड्या’ म्हणला तवाच. टांगताना माहीत न्हवतं, देवाशपथ. मला वाटलं रवीच्या लग्नाची हाय, ती कोण बघतंय आता. वर पिवळं चित्र चिकटवलेलं होतं, त्यानं चमक मारत न्हवती, म्हणून तारेची घासणी घेऊन बसले. चित्र निघालं. त्याच्यासंगं चंदेरी पापुद्रा बी निघाला. खालच्या बाजूला मी हात लावला न्हाई. म्हणलं कामाची बाजू ती, ती कशाला खराब करा. एवढी अक्कल मला होती.

फारूककडं घेऊन गेलो. आळंदी रस्त्याला त्याचं दुकान हाय, टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं. ह्या सीड्या त्याच्या बापानंच आमाला कॅसेटवरनं करून दिल्या होत्या. त्यानं उजेडात धरल्या. चाळणीतनं दिसावं तसा पलीकडचा रस्ता दिसत होता.

‘मावशी, ह्याला काय केलं?’

‘धुतल्या.’

‘कशानं?’

मी पदर सारखा केला. अपेक्षानं घासणीचं नाव काढलं न्हाई, पोरगी शहाणी हाय.

‘सिनेमा वरच्या चित्राच्या मागंच असतो, मावशी. दिसतो खालनं, पण असतो वर. चित्र खरवडलं की संपलं.’

टीमनं कापलंय ते कळायच्या आधीच मी घासून काढली होती. एक दिवस आधी. रविवार होता.

चार तारखेला मी विजयश्रीवर आळ घेतला होता. संध्याकाळी तिच्या भाताला तूप जास्त घातलं. तिनं बघितलं, खाल्लं, ताट उचललं.

खाणं: तीन चमचे पेज. पारवे परत आले. येऊ देत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फारूकची आई ताजुन्निसा आली. पूर्वी आमच्या लागूनच राहायची. कस्तुराच्या केसांचा गुंता माझ्यानं निघायचा न्हाई, मी ओढायची, ती रडायची. ताजुन्निसा काढायची, तिच्याकडं मांजरागत बसायची.

गुडघे धरत जिना चढली आन् दारातनंच म्हणली, ‘शालनबाई, कॅसेट हाय.’

‘कसली?’

‘घाटाच्या पिक्चरची. फारूकच्या अब्बांनी ज्याच्यावरनं तुमाला सीडी करून दिली ती. पेटीत तळाला ठेवलीय.’

‘एवढी वर्षं कशाला ठेवलीस गं?’

‘त्यात पोरगी हाय. फेकू कशी?’

मी तिला चहा केला. साखर दोनदा पडली, तिला साखर चालत न्हाई, तरी प्याली.

फारूक म्हणला, बुरशी धरलीय, पट्टी चिकटलीय, तसाच जुना व्हीसीआर मिळवायला लागंल, आठ-दहा दिवस द्या. मी म्हणलं घे. म्हातारा थांबंल. त्याला वाट बघायची सवय हाय.

त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं बी, ‘कस्तुरा येतीय.’ मान हलवली. मला तरी हलवल्यागत वाटली.

खाणं: दूध पाव कप, पेज दोन चमचे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डॉक्टर घरी आले. वही बघितली. पानं उलटत गेले आन् मधेच वाचत बसले. मी म्हणलं, खाण्याचं तेवढं बघा, बाकीचं माझं हाय.

म्हणले, ‘आजी, ते गिळायचंच विसरत चाललेत. ह्या आजारात असंच होतं.’

‘सिनेमा कापला म्हणून.’

‘सिनेमाचा संबंध नाही. सीडी असती तरी हे होणार होतं. थोडं मागंपुढं.’

‘तुमी तो सिनेमा बघितलाय का?’

‘न्हाई.’

‘मग?’

डॉक्टर रवीशी बाहेर जाऊन बोलले. डॉक्टर लोकांना खरं बोलायला जिनाच लागतो. रवी आत आला तो डोळे पुसूनच. नाकातनं नळी घालायची म्हणला, दवाखान्यात न्यायचं.

‘कॅसेट येऊ दे.’

‘आई, कॅसेट काय औषध हाय का?’

‘नळीतनं काय हाक येतीय का? त्याला हातपाय बांधून ठेवतील. चुलत दिरांना बांधलं होतं, मी बघितलंय. कॅसेट येऊ दे, हाक आली की तोंड उघडंल.’

‘आन् न्हाई उघडलं तर?’

विजयश्री मधे बोलली. ह्या घरात ती मधे बोलत न्हाई. म्हणली, ‘राहू द्या ना. आईंना ठरवू द्या.’

मग मी ठरवलं. नळी न्हाई.

खाणं: एक चमचा. ओठ ओले केले सारखे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

फारूकला व्हीसीआर मिळाला, खेडला राजगुरुनगरात, एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं. चालू हाय. पट्टी कापसानं पुसतोय, वीत-वीत करून. म्हणला घाई केली तर तुटंल.

मी म्हणलं घाई करू नकोस.

म्हाताऱ्याचे पाय गार लागतात. दोन गोधड्या घातल्या. हात धरून बसले होते, तर डोळे उघडून म्हणला, ‘बाई, तुमाला घरी कुणी वाट बघत नसंल का?’

‘न्हाई.’

‘मग बसा.’

खाणं: पाणी, कापसानं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारी तीनच्या सुमाराला फारूक आला. हातात पेनड्राइव्ह, पण तोंडावरनंच कळलं.

‘मावशी, चित्र गेलं. नुसत्या रेघा हायेत. आवाज तेवढा आलाय.’

टीव्हीला लावलं. भिंतीएवढ्या टीव्हीवर भिंतीएवढ्या पांढऱ्या रेघा, खालवर पळणाऱ्या. पण आवाज आमच्या घाटाचा. ‘झाऽली झाली झाली’ म्हणून पुकारणारा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा, माणसांच्या शिट्ट्यांचा. तिथं आता गोडाऊन हाय, पण आवाज ऐकल्यावर मला धुळीचा वास आला.

विजयश्रीनं म्हाताऱ्याला टेकून बसवलं, चमच्यात पेज घेतली. रवी पायाशी. अपेक्षा टीव्हीपाशी उभी.

मी आत गेले. गॅसवर दूध ठेवलं.

मग आली.

‘आबाऽ! ओ आबाऽ! आपले आलेऽ!’

कोरी करकरीत. कालच मारल्यागत.

मी ओची वाट बघत होते. इतकी वर्षं भिंतीआडनं ऐकलेली, आधी हाक, मग त्याची ओ. विजयश्रीचा चमचा वाटीला घासल्याचा आवाज. ओ आली न्हाई.

अपेक्षानं मागं घेतलं. परत आली. ‘आबाऽ! ओ आबाऽ!’

मी दारात येऊन बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे टीव्हीवर होते. रेघा डोळ्यांत हलत होत्या. तोंड मिटलेलं. विजयश्रीनं चमचा ओठापाशी तसाच धरलेला, पेज गळ्यावर सांडत होती तरी खाली घेत न्हवती.

तिसऱ्यांदा आली.

पोरगी तीनदा ओरडली आन् ह्या घरातनं कुणी तिला ओ दिली न्हाई. मला तोंड होतं, पण मी दारात उभी.

‘बंद कर,’ मी म्हणलं.

माघारी फिरले तर दूध उतू गेलेलं. इतकी वर्षं दूध हाय, दूध हाय म्हणायचे, ते खरं आज गेलं.

खाणं: काही न्हाई.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हे गेले. सकाळी साडेसातला. तोंड थोडं उघडं होतं.

शनिवार, ६ डिसेंबर

दहावा झाला, इंद्रायणीवर. पिंड ठेवला आन् लोक मागं सरायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणले, सुटले आबा, काही इच्छा राहिली न्हवती. गुरुजी बी खूश, त्यांना पुढचा दहावा होता.

मला जरा रागच आला. काहीच कसं राहिलं न्हाई? निदान घटकाभर तरी कावळ्यानं थांबायचं. म्हंजे डॉक्टर म्हणला तेच खरं. ह्यांचं सगळं कधीच पुसून झालं होतं, शेवटाला तिला सुद्धा सोडून गेले. मी आपली कापणाऱ्याला धरून बसले होते, त्याला पत्र काय, चांदण्या काय. एक नळी घातली असती तर चार दिवस, आठ दिवस. नळी मी नको म्हणले. सीडी मी घासली. आन् कुणी माझ्यावर आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरचा फोन आला होता, वही आता लिहायची गरज न्हाई म्हणून. त्याला कुणी विचारलंय.

मंगळवार, ९ डिसेंबर

तेरावा झाला. पाव्हणे चारला गेले. घरचीच राहिलो, आन् ताजुन्निसा.

अपेक्षा म्हणली, ‘आजी, लावू का?’

विजयश्री म्हणली, ‘आज नको गं.’

मी म्हणलं लाव.

मी उठले न्हाई. विजयश्रीनं माझ्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराकडं बघितलं. मी म्हणलं, ‘काही ठेवलं न्हाई गॅसवर. बस खाली.’

हाक यायच्या वेळी सदतीस वर्षं आत जाऊन उभी राहायचे, त्याचं कारण लिहून टाकते. आता वही डॉक्टर बघणार न्हाई.

ती गेली त्या दिवशी सकाळी कस्तुरानं दुधाची कासंडी सांडली होती. सगळं अंगण पांढरं. मी तिला दोन धपाटे घातले. मग भाकरी थापायला बसले. तिनं दप्तर घेतलं, दारात गेली आन् हाक मारली, ‘आईऽ, जाऊ का?’ मी ऐकलं. मला चांगलं ऐकू आलं. राग होता, आन् हात पिठाचे होते, मी वर बघितलं न्हाई. परत म्हणली, ‘आईऽ, जाते गं.’ तरी न्हाई. मग चपलांचा आवाज गेला.

ह्यांना मी हे कधी सांगितलं न्हाई. हे आपले टीव्हीपुढं बसून ओ देत राहिले तिला, सगळ्यांच्या वाटणीची. त्यांना काय माहीत, मी आत का पळते.

तर अपेक्षानं लावलं. रेघा आल्या, घुंगरं आली, शिट्ट्या आल्या.

‘आबाऽ! ओ आबाऽ!’

सगळ्यांनी रिकाम्या पलंगाकडं बघितलं. रवीचं तोंड उघडलं, पाठचा भाऊ तिचा, ओ देणारच होता. मी हात आडवा घातला.

‘ओ,’ मी म्हणलं.

पहिली नीट आली न्हाई. अपेक्षाला म्हणलं मागं घे. परत आली, परत दिली. तिसऱ्यांदा बरी निघाली. ताजुन्निसा रडायला लागली, विजयश्री तर कधीच लागली होती. मी त्यांना म्हणलं, गप बसा, पुढचं ऐकू येत न्हाई.

‘आपले आलेऽ!’ म्हणली. आले होते. त्या दिवशी घाटात पहिला नंबर आमचा होता.

आता घरातल्यांसाठी लिहिते, म्हंजे माझ्यामागं घोळ नको. हा तुकडा रवीनं तीन ठिकाणी ठेवायचा, एक फारूककडं. लहान करायचा न्हाई, आधीच्या घुंगरांपासनं नंतरच्या शिट्ट्यांपर्यंत सगळा ठेवायचा. कस्तुराची हाक आली की ओ मी द्यायची. ती आबा म्हणते तरी मीच द्यायची. रवीनं न्हाई, विजयश्रीनं न्हाई, टीव्हीनं तर न्हाईच. मी गेले की अपेक्षानं द्यायची. पहिल्या हाकेलाच द्यायची, दुसरी मारायला लावायची न्हाई. हातात काय बी असू दे, खाली ठेवायचं आन् आधी ओ द्यायची.